वाकडी करंगळी

उभी हयात खडूवर काढलेल्या माणसाला खडू आणि तेलखडू यांतला फरक कळू नये, याला काय म्हणावं? मी तर देवाची कृपा म्हणते. त्या एका फरकावर मी माझा सूड उगवला. कसा उगवला ते सांगते, आणि सांगताना मला जराही वाईट वाटत नाही, हेही आधीच सांगून ठेवते. ज्यांना क्षमाबिमा आवडते त्यांनी पान उलटावं.

माझं नाव राजकन्या. नांदेडला एका शाळेत चित्रकला शिकवते. पण मूळची मी लातूर जिल्ह्यातली, किल्लारीच्या अलीकडच्या एका गावातली. त्या गावाचं आता फक्त नाव जागेवर आहे, गाव दुसरीकडं आहे.

भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. गणपतीचं विसर्जन बघून भामाआत्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, झोपायला गेले होते, म्हणून वाचले. आई आणि बा गावातल्या घरात होते. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर दोघांच्या अंगावर बसलं. आत्या मला ओढत गावात घेऊन आली तेव्हा लोक म्हणत होते, पोरीला बघू देऊ नका. मी बघितलं. ढिगाऱ्यातून एक हात वर आलेला होता. लक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, सणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या, आणि वाकडी करंगळी. आईची करंगळी विहिरीच्या रहाटात सापडून मोडली होती, कुणा वैदूनं बांधली ती वाकडीच जुळली. बाकीचा हात कुणाचाही असू शकला असता. करंगळी माझ्या आईची होती. केवळाबाईची.

पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मदतीचे ट्रक यायचे. मदतीत काय यावं याला काही धरबंध नव्हता. आमच्या ऊन-धुळीत कुणी लोकरीचे कोट पाठवले, कुणी टाय. अशाच एका खोक्यात मला एक चपटी पेटी सापडली. आत रंगीत कांड्या, कागदात गुंडाळलेल्या. शहरातल्या कुणा लेकरानं थोड्या वापरलेल्या असाव्यात, निळी अर्धी झाली होती. हिरवीला मात्र कुणी हातही लावलेला नव्हता.

मला वाटलं, खडू. आमच्याकडं हातात धरून जे ओढता येतं ते खडूच. मी पाटी घेतली आणि ओढून बघितलं. खडू असा कुरकुरत जातो, भुगा सांडतो, दात शिरशिरतात. हे तसं नव्हतंच. ते घसरलं. भाकरीवर लोणी फिरावं तसं गुमान पुढं गेलं, आणि मागं जो रंग राहिला तो मी बघतच बसले. भूकंपानंतर सगळं एकाच रंगाचं झालं होतं, मातीचं. माणसं, जनावरं, भाकर, सगळं मातकट. त्यात हे हिरवं! मी बोट फिरवलं तर रंग बोटाबरोबर पसरला, आणि बोटही हिरवं झालं. मी पाटी भरून टाकली. मग पुसायला गेले. थुंकी लावली, पाणी लावलं. पाणी थेंब थेंब होऊन घसरून जायचं आणि हिरवं तसंच.

"काय करायलीस गं?" आत्या आली. पाटी बघून तिनं कपाळावर हात मारला. एकुलती एक पाटी, तीही मदतीतली. तिनं राख लावून घासलं, चिंच लावून घासलं. "ह्ये खडू न्हाईत माय, ह्ये भूत हाय भूत." शेवटी चिमणीतलं रॉकेल चिंधीवर घेऊन तिनं पुसलं तेव्हा कुठं पाटी काळी झाली.

आत्यानं पाटीला हात लावायचा नाही म्हणून दम दिला. मग मी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर आई काढायला बसले. पूर्ण आईच काढायची होती. पण पुठ्ठा मातीच्याच रंगाचा, त्यामुळं माती काढायची गरजच पडली नाही, आई आधीच मातीत होती. मी फक्त हात काढला. मनगट, बांगड्या, बोटं. करंगळी वाकडी. बांगड्यांचं हिरवं मी इतकं दाबून, थरावर थर देऊन भरलं की ते पुठ्ठ्यावर उंच झालं, बोटानं चाचपता यायचं. कुठंकुठं माझ्या बोटाचे ठसे उमटले. काढून झाल्यावर मी भूकंपानंतर पहिल्यांदा रडले. आत्या म्हणाली, रडली एकदाची, आता जगेल.

आईचा फोटो आमच्याकडं नव्हता. लग्नातला होता म्हणे, तो घराबरोबर गेला. त्यामुळं माझ्याजवळ आई म्हणजे तो पुठ्ठा. मी तो उशाशी घेऊन झोपायची.

आणि तिथं हणमंतराव गुरुजी आले.

लातूरजवळच्या मुरुडहून आलेल्या मदतवाल्यांत ते होते. शाळेत गणित शिकवायचे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं गोड. शेडमधल्या पोरांना गोळा करून त्यांनी पाढे म्हणून घेतले. मग माझ्या उशाचं चित्र त्यांनी उचललं आणि बराच वेळ बघत राहिले.

"कुणाचा हात हाय गं?"

"माझ्या आईचा."

"लई चांगलं काढलंस. मोठे साहेब लोक आलेत लातूरला. त्यांना दाखवतो, तुमच्या गावाला मदत मिळंल. दाखवून आणून देतो."

दाखवून आणून देतो. चार शब्दही नव्हेत. मी दिलं. गुरुजींना नाही कसं म्हणणार? ते जीपमध्ये बसून गेले, आणि मी रोज शेडच्या तोंडाशी बसून जीपची वाट बघायला लागले. जीप येत होत्या, कोणकोण उतरत होतं, गुरुजी उतरत नव्हते. पुढं आत्यानं मला घेऊन नांदेड गाठलं, तिच्या दिराकडं. निघताना मी शेजारणीला सांगून ठेवलं होतं, गुरुजी आले तर चित्र ठेवून घे. किती खुळी होते मी!

पुढची वर्षं सगळ्यांची जातात तशी गेली. शिकले, चित्रकलेचा डिप्लोमा केला, नोकरी लागली, बालाजीशी लग्न झालं. बालाजी एसटीत कंडक्टर, स्वभावानं गरीब. आत्या आमच्याकडंच असते. तोवर इकडं लातूरचं नाव भूकंपाऐवजी मार्कांवरून निघायला लागलं. पोरं ट्रंका घेऊन लातूरला जायला लागली, मग नांदेडलाही क्लासचं पीक आलं. आयटीआयच्या चौकात तर आकाश दिसेना इतके टॉपरांचे चेहरे लागले.

तिथंच एका सकाळी शाळेला जाताना मी स्कूटी थांबवली. नवा बोर्ड लागला होता. लातूरच्या एका मोठ्या क्लासची नांदेड शाखा. वर त्यांचा लोगो, जमिनीतून वर आलेला एक हात, हातात पेन, पेनातून किरणं. खाली लिहिलं होतं, 'भूकंपातून उभा राहिलेला ज्ञानाचा हात.'

हाताची करंगळी वाकडी होती.

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी शिवी दिली. मला ऐकूच येत नव्हतं. बांगड्या काढून टाकल्या होत्या, हात पुरुषाचा वाटावा म्हणून मनगट जाड केलं होतं. पण करंगळी? ती कुणी छापखान्यातल्या माणसानं इमानदारीनं होती तशी गिरवली होती. बोर्डाच्या एका कोपऱ्यात संस्थापकांचा फोटो. केस पांढरे, शर्ट पांढरा, खिशाला पेन. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माझी आई मातीतून हात वर करून मेली, आणि या माणसानं त्या हातात पेन खुपसून दुकान मांडलं. मला त्या क्षणी त्या बोर्डावर चढून तो फाडावासा वाटला. साडी नेसलेली नसते तर चढलेही असते.

घरी सांगितलं तर बालाजी म्हणाला, "जाऊ दे ना. मोठी माणसं हाईत, आपलं काय चालतंय त्यांच्यापुढं?" आत्यानं फक्त विचारलं, "चित्र कुठं हाय मग?"

बरोबर विचारलं. मला चित्र हवं होतं. आणि त्याबरोबर अजूनही काही हवं होतं, त्याला तेव्हा माझ्याकडं नाव नव्हतं.

संधी त्यांनीच दिली. दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे जादा मार्क मिळायला लागले होते. ज्या पालकांनी पोरांच्या हातातल्या पेन्सिली हिसकावून गणिताची पुस्तकं दिली होती, तेच आता पोरांना घेऊन ड्रॉइंगवाल्या बाईंच्या दारात उभे राहायला लागले. हणमंतराव सरांच्या क्लासनंही ग्रेड परीक्षेची बॅच काढली आणि बाई हवी म्हणून जाहिरात दिली. मी गेले. लग्नानंतरचं आडनाव, अंगावर आलेलं वय, कोण ओळखणार? लगेच घेतलं.

पहिल्याच पालकसभेला सर लातूरहून आले. सभेत त्यांनी त्यांची नेहमीची गोष्ट सांगितली. "लोक मला विचारतात, सर, तुमच्या लोगोतलं बोट वाकडं का? मी म्हणतो, सरळ बोटानं तूप निघत न्हाई!" पालक खो खो हसले. टाळ्या वाजल्या. सगळ्या सभागृहात एकटी मी ताठ बसले होते. रहाटात बोट मोडलं तेव्हा आई किती ओरडली होती, ते मला आत्या सांगायची. त्या बोटावर हे लोक हसत होते.

सभा झाल्यावर मी सरांना एक संधी दिली. हो, दिली. नाही म्हणायला नको. चहाचा कप त्यांच्या हातात देत विचारलं, "सर, हा हात कुणी काढला पहिल्यांदा?"

"आमच्या मुग्धानं. माझी लेक. लहान होती तेव्हा. अस्सल चित्र लातूरला माझ्या केबिनमध्ये लावलंय फ्रेम करून."

"मला वाटलं, भूकंपातल्या एखाद्या पोरीनं काढलं असेल."

सर हसले. "अहो मॅडम, तेव्हा लोकांना खायची भ्रांत होती. चित्रं कोण काढत बसतंय?"

संधी संपली. त्या दिवसापासून मी दात-ओठ खाणं सोडून दिलं आणि गोड बोलायला लागले. दबा धरताना मांजर कधी गुरगुरतं का?

भूकंपाला पंचवीस वर्षं होत आली आणि क्लासनं मोठा कार्यक्रम ठरवला. लातूरच्या ट्यूशन एरियात क्लासची नवी इमारत उभी राहिली होती. रस्त्याकडची अख्खी भिंत कोरी, नुकतंच पिवळसर डिस्टेंपर दिलेलं. सरांनी मला फोन केला. फोनवर बोलून झाल्यावर त्यांच्या सवयीप्रमाणं तेच पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवलं. तो आवाज माझ्याकडं अजून आहे. "मॅडम, भिंतीवर आपला लोगो काढायचा, मोठा, माणसापेक्षा मोठा. पाहुण्यांच्या हस्ते पडदा सारायचा. पण पेंट वापरू नका. दोन दिवसांनी तिथं टॉपरांचे फोटो लागणार. खडूनं काढा. पुसून टाकता आलं पाहिजे."

मी विचारलं, "सर, तेलखडू वापरले तर चालतील का? रंग उठून दिसतो."

त्याचंही उत्तर आवाजातच आलं. "खडू म्हणजे खडू. चालतंय की. तुम्हाला जमंल ते वापरा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं.

मी नांदेडच्या दुकानातून तेलखडूंच्या पेट्या घेतल्या, हिरव्याच्या सुट्या कांड्या वेगळ्या. शिडी लावून सकाळी भिंतीला भिडले. आधी हात काढला. सरांच्या लोगोसारखाच, पण मनगट बारीक. दुपारी सर मंडपवाल्यांवर ओरडत ओरडत तिथून गेले, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "झकास! पेन राहिलं की."

"पेन शेवटी काढते, सर."

ते गेले. मग मी पडदा बांधून घेतला आणि त्याच्या आत शिरून माझं काम सुरू केलं. मनगटात हिरव्या बांगड्या भरल्या. अंगठ्याच्या जोरानं घासून घासून रंग भिंतीच्या अंगात मुरवला. उन्हानं कांड्या मऊ पडल्या होत्या, हाताला चिकटत होत्या, आणि मला पत्र्याच्या शेडची दुपार आठवत होती, तेच घसरत जाणं, तोच तेलकट वास. हाताखाली दगड काढले, माती काढली. मातीखाली आई काढायला घेतली. पूर्ण आई, तेव्हा राहून गेलेली. पायांतली जोडवी काढली, लुगड्याचा काठ काढला. गळ्यातली काळी पोत काढली. चेहऱ्याशी आले आणि हात थांबला.

चेहरा आठवेना. डोळे मिटले, तरी आठवेना. नाक कसं होतं? कपाळ? मला तिचा हात येत होता, तोंड येत नव्हतं. त्या पुठ्ठ्यावर एखादं नाक-डोळे मी तेव्हा काढले असते तर? पण पुठ्ठाच तर नेला. शिडीवर बसून मी रडले, रागानं रडले. मग आईच्या तोंडावर पदर ओढला. झोपताना ती असाच ओढायची, डासांमुळं. एवढं तरी मला नक्की आठवत होतं.

पेन काढायचं विसरले नाही. हातात दिलं नाही. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, लांब, एकटंच काढलं. आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं:

हात केवळाबाईचा.
चित्र तिच्या लेकीचं.
पेन तेवढं सरांचं.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला होता. रेणापूर, चाकूर, औसा, कुठून कुठून पालक आले होते. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले, आत्याला घेऊन. आत्यानं तिचं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सरांनी भाषणात तुपाचा विनोद केला, लोक हसले. मग पाहुण्यांनी दोरी ओढली.

आधी टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवता वाजवता लोक वाचायला लागले, आणि टाळ्या एकेक करत विझल्या. मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "पेन तेवढं सरांचं." कुणीतरी फिस्सकन हसलं. पाहुणे सरांकडं बघायला लागले. तेवढ्यात शेजारच्या रांगेतून एक म्हातारी उठली, भिंतीपाशी गेली, आणि त्या पदराखालच्या बाईला हात जोडून उभी राहिली. तिच्यामागं आणखी बायका उठल्या. आमच्या भागातल्या होत्या. असे हात त्यांनीही बघितले होते.

सर माईकवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग परत माझ्याकडं. ओळखलं. त्यांच्या तोंडावरून मला ते दिसलं, आणि सांगते, इतकं गोड मी जन्मात काही खाल्लेलं नाही.

पण माणूस मुरलेला. क्षणात हसले. "काहीतरी गैरसमज दिसतोय. बाई जरा हळव्या हाईत. खडूच हाय, काय बिघडलं न्हाई. ए, पाणी आना रे, फडकं मारा."

शिपायानं बादली आणली आणि भरल्या मंडपासमोर भिंतीवर ओलं फडकं मारलं. पाणी थेंब थेंब होऊन घसरून गेलं. आई होती तिथंच होती. त्यानं जोर लावून घासलं. बाजूचं डिस्टेंपर निघालं, पिवळे ओघळ आले, त्यात बांगड्या आणखी हिरव्यागार दिसायला लागल्या. सगळे मोबाइल वर करून शूटिंग घेत होते. आत्या माझ्या कानाशी वाकली. "पाटी आठवली का गं?" म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

संध्याकाळी सरांचा फोन आला. कामावरून काढलं, पोलिसात देतो, बघून घेतो.

"द्या की," मी म्हटलं. "काय सांगणार? बाईनं खडू वापरला म्हणून? तुमचा आवाज हाय माझ्याकडं. खडू म्हणजे खडू."

पुढचं मला लातूरच्या ओळखीच्या लोकांकडून कळत गेलं. रंगाऱ्यानं डिस्टेंपरचा हात दिला. तो तेलावर धरला नाही, वाळला तसा पापुद्रे होऊन पडला. दुसरा हात दिला तर दोन दिवसांनी त्यातून हिरवं फुटलं. वरून टॉपरांचं फ्लेक्स लावलं, ते वाऱ्यानं फडफडलं की खालून हात दिसायचा, जणू टॉपरांच्या गळ्याला धरायला निघालाय. पोरं त्या कोपऱ्याला 'केवळाबाईची भिंत' म्हणायला लागली. रिक्षावाले तोच पत्ता सांगायला लागले. क्लासचं नाव घेतलं की लोक आधी विचारायचे, तो हाताचा क्लास का? माझ्या आईला जिवंतपणी तिच्या गल्लीबाहेर कुणी ओळखत नव्हतं.

बालाजी म्हणाला, "आता तरी झालं का समाधान?"

"न्हाई," मी म्हटलं. "चित्र कुठं आलंय अजून?"

ते आलं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी दारात गाडी थांबली आणि सर उतरले. एकटे. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. आत बसले, पाणी घेतलं. आत्यानं त्यांना ओळखलं, तरी 'या' म्हणाली नाही.

"रंगारी म्हणतोय, ज्यांनी काढलं त्यांनाच इचारा, कशानं निघतं ते." सर खाली बघत बोलत होते. "पालकसभा तोंडावर आली. नवीन लोगो करून घ्यायलोय, मॅडम, तो हात काढून टाकतोय सगळीकडनं. पण ती भिंत... तुमचं चित्र तुम्हाला आणून दिलं. आता मिटवा."

दाखवून आणून देतो, म्हणाले होते. आणून दिलं खरं.

मी वर्तमानपत्र फाडलं. फ्रेमच्या काचेआड आमचा पुठ्ठा, बिस्किटाच्या खोक्याचा. कोपऱ्यात शाईनं 'मुग्धा' लिहिलेलं. मी खिळे काढले, काच बाजूला केली. पुठ्ठा पिवळा पडला होता. चित्र मला वाटत होतं तेवढं चांगलं नव्हतं, बोटं जाडजाड आली होती, अंगठा चुकला होता. पण बांगड्यांवर माझ्या बोटांचे ठसे तसेच होते, बारके, शेंगेच्या दाण्याएवढे. मी त्यातल्या एका ठशावर करंगळी टेकवली आणि जरा फिरवली. तेलखडू कधीच पूर्ण वाळत नाही. एवढ्या वर्षांनी हिरवा रंग माझ्या करंगळीला लागला.

मला रडू येणार होतं. पण समोर ते बसले होते, आणि त्यांच्यासमोर रडायचं नाही, एवढं माझं ठरलेलं होतं.

"आता सांगा," सर म्हणाले. "कशानं निघतं ते?"

आत्याचा जीव मुळात मऊ. तिनं तोंड उघडलं, "आवं, त्याला रॉ..."

"आत्या, तू गप बस."

मी उठले, दार पूर्ण उघडलं आणि हिरवी करंगळी वाकडी करून सरांसमोर धरली.

"सर, तुम्हीच सांगता की पालकांना. सरळ बोटानं न्हाई निघत."

सरांनी त्या बोटाकडं बघितलं. मग चपला घातल्या आणि गेले. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी दारातच उभी होते.

"सांगायचं व्हतं की गं," मागून आत्या म्हणाली. "रॉकेल म्हणायला काय जात व्हतं? त्यांनी दिलं की चित्र आणून."

"सांगीन की," मी म्हटलं. "अजून पंचवीस वर्षांनी."